चादरीखालचा हात

"हाय," उदयसिंहनाना म्हणाले. चादरीवरून उचललेला हात त्यांनी तसाच कपाळाला लावला. "दांडी हाय. माझ्या हाताला लागली. कडक हाय."

शेडमध्ये गलका उठला. एरवी या पत्र्याच्या शेडमध्ये केळीचे घड धुतात, खोकी भरतात. गाव उजनीच्या फुगवट्याला लागून. समोर पाणी, मागं केळी, आणि दर सोमवारी मधोमध चादरबाबा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं आली होती. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, आणि वर व्यासपीठावर कमरेला सोलापुरी चादर गुंडाळून, मान खाली घालून बसलेला माझा भाचा संगमेश.

चमत्कार म्हणतात तो हाच. माझ्या मांडीवर मुतलेला.

नाना म्हणजे सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांच्या शब्दावर गावात सोयरिकी जुळतात आणि मोडतात. त्यांनी एवढ्या माणसांसमोर माझ्या भाच्याच्या मांड्यांमध्ये चादरीवरून हात लावून खात्री करून घेतली, बाजारात बैल तपासावा तशी. मग आणखी दोन म्हातारे पुढं सरसावले. त्यातल्या एकानं जरा जास्तच वेळ खात्री केली. संगमेशनं डोळे मिटून घेतले होते.

"सोलापूरचं डागदर काय करत्यात?" बाबानं माइक हातात घेतला. बाबा चाळिशीचा, गोरटेला, नखं फार स्वच्छ. "कापत्यात. शिवत्यात. आन् आत सळई घालत्यात, बाहेरदेशाची. आमचा गुरू काय करतो? कापायचं न्हाय, शिवायचं न्हाय, रगताचा ठिपका न्हाय. अदृश्य दांडी. देवाच्या कंपनीची. सात जल्माची ग्यारंटी."

"सर्व्हिसिंग लागतं का वो बाबा?" मागून कुणीतरी विचारलं.

"लागतं की. दर सोमवारी नारळ."

लोक हसले. बाबाही हसला. माणसाला लाज वाटते त्या ठिकाणी आधी हसवायचं, मग हात घालायचा, ही त्याची रीत होती.

बाबाच्या पायाशी मासे भरायचा पांढरा थर्माकोलचा खोका होता. धरणावरचे कोळी रोज सकाळी त्यात ताजा बर्फ भरून देत. बर्फात तीर्थाच्या कुप्या. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की बाबा त्याच्या मांडीवर चादर टाकायचा, आपले दोन्ही हात चादरीखाली घालायचा आणि डोळे मिटून मंत्र पुटपुटायचा. आधी बर्फाचा खडा, म्हणजे 'शीतल स्पर्श'. मग "मुंगी चावल्यागत वाटंल, ती दांडी आत शिरल्याची खूण." पाच-दहा मिनिटांत खुर्चीतल्या माणसाचा चेहरा पालटायचा. वर्षानुवर्षं जे झालं नव्हतं ते सगळ्या गावादेखत चादरीखाली झालेलं असायचं. माणूस रडायचा. त्याची आईही रडायची.

जाताना बाबा अंगाऱ्याची पुडी द्यायचा. पुढचे नियमही बाबाचेच. दोन दिवस चादर सोडायची नाही. कुणाशी त्याबद्दल बोलायचं नाही, बायकोनं शिवायचं नाही, डॉक्टरची पायरी चढायची नाही. जितका वेळ टिकेल तितकी कृपा. दुखायला लागलं तर समजायचं, दांडी मुळं धरतेय.

आणि गावाची रीत अशी पडली होती की चादर लावून आलेल्या गड्याला बायकोनं उंबऱ्यावर ओवाळायचं. पारावर पैजा लागायच्या. आमच्याची रात्रभर होती. तुमच्याची? दुपारपातूरच? मग तुमची भक्तीच कमी पडली, पावनं.

बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी वैजयंती बसली होती, संगमेशची बायको. पाच महिन्यांचं पोट. तिनंच फोन करून मला सोलापुराहून बोलावून घेतलं होतं. "मायाक्का मावशी, ह्यांना वर बसवणार हायती. मी एकटी न्हाय बघू शकत." सगळ्यात पुढं ओटीत नारळ घेऊन माझी थोरली बहीण दगडाबाई, संगमेशची आई. तिचा चेहरा लग्नात असतो तसा फुललेला.

आम्हा तिघांना, म्हणजे मला, वैजयंतीला आणि संगमेशला, एक गोष्ट ठाऊक होती. नानांच्या हाताला लागलेली दांडी खरीच होती. फक्त ती बाबानं बसवलेली नव्हती.

संगमेशला साखरेचा आजार कोवळ्या वयातच लागला. तिशी ओलांडेपर्यंत नसा आणि रक्तवाहिन्या खराब झाल्या, गोळ्यांचाही उपयोग होईना. मी सोलापुरात शाळांचे गणवेश शिवते. शिकले सातवीपर्यंत, बाकीचं हाताला लागेल ते वाचून. त्याला दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टर निघाल्या बाई, देवयानी नावाच्या. संगमेश दारातच अडला.

"मावशी, बाई हाय की गं."

"तिनं शेकड्यांनी बघितलेत," मी म्हणाले. "तू काही नवीन घेऊन आलेला नाहीस."

डॉक्टरबाईंनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. आत दोन नळ्या असतात, त्यांत स्पंजासारखा भाग. त्यात रक्त भरतं आणि अडतं, म्हणून ताठरपणा येतो. रक्त भरेनासं झालं आणि सगळे उपाय थकले, तर त्या नळ्यांत दोन कृत्रिम दांड्या बसवता येतात. एक प्रकार पंपानं फुगवायचा, एक हातानं वर-खाली वाकवायचा. "पण एकदा बसवली की मूळचं परत येत नाही. म्हणून ही शेवटची पायरी. आणि साखर खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. जंतू धरले तर बसवलेली दांडी काढून टाकावी लागते. तुम्ही पथ्य पाळा, इन्शुलिन घ्या, तीन महिन्यांनी बघू."

"तीन महिनं?" दगडाबाईनं घरी आल्यावर पोराला विचारलं. "बाबा तर एका सोमवारात करतो."

त्या सोमवारी संगमेश चादर लावून आला. वैजयंतीनं ओवाळलं, सासू शेजारी उभी होती ना. पहिल्या दिवशी शेजारपाजारचे पाया पडून गेले. रात्रीपासून दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी तो दातात चादरीचं टोक धरून देवघराच्या खोलीत बसला. वैजयंती म्हणाली, दवाखान्यात जाऊ. दगडाबाई म्हणाली, "मुळं धरतीय. तू शिवू नको, कृपा बाटंल." आणि तिनं तुपाचा दिवा लावला. तिसऱ्या दिवशी पहाटे पोराला धड बोलता येईना, तेव्हा वैजयंतीनं दुधाचा टेम्पो थांबवला आणि त्याला त्यात घालून सोलापूर गाठलं.

डॉक्टरबाईंनी सुईनं आतलं रक्त काढलं. मी बाहेरच्या बाकावर होते, पण ट्रे नेताना दिसलं. डांबरासारखं काळं.

"आत गेलेलं रक्त बाहेरच आलं नाही," त्या म्हणाल्या. "रक्त नवं आलं नाही की प्राणवायू नाही. स्पंज गुदमरून मेला. चार तासांत आला असतात तर रक्त काढून, औषध देऊन भागलं असतं. हे कुणी केलं?"

संगमेश बोलेना. त्याचं मौन अजून चालूच होतं. ज्यानं त्याला खाल्लं त्याचाच नियम तो पाळत होता.

आता तीन महिने थांबण्याची सोय उरली नव्हती. थांबावं तर आतला भाग वाळून आक्रसतो, मग दांडीला जागाच उरत नाही. घाई करावी तर चढलेली साखर जंतूंना जेवण घालते. डॉक्टरबाईंनी त्याला दवाखान्यातच ठेवून इन्शुलिननं साखर ताब्यात आणली, लघवी तपासली, अंगावर कुठं फोड-जखम नाही ना ते पाहिलं, आणि मग टेबलावर घेतलं. काय काय करणार ते मी आधी विचारून घेतलं होतं. मला विचारल्याशिवाय राहवत नाही आणि त्यांना सांगायचा कंटाळा नव्हता. केस काढायचे ते टेबलावरच, आदल्या दिवशी नाही, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यात जंतू वस्ती करतात. कातडी जंतुनाशकानं पुन्हा पुन्हा धुवायची. काप घेण्याआधीच शिरेतून प्रतिजैविक. दांडीला हात लावण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे, आणि दांडी कातडीला कुठंही टेकू द्यायची नाही. काप लहानसा, पण माप दोन्ही बाजूंचं वेगवेगळं घ्यायचं. दांडी लांब झाली तर पुढं कधीतरी टोकातून बाहेर येते, आखूड झाली तर टोक लुळं पडतं. मूत्रनळीला कुठं भोक तर पडलं नाही ना, ते पाणी सोडून बघायचं. मापाचं मला लगेच कळलं. गणवेश अर्धा इंच चुकला तर पोरगं वर्षभर कुरकुरतं. इथं चुकलं तर मांस फाटतं.

सगळं नीट झालं. नीट म्हणजे आधी झालं असतं त्यापेक्षा थोडं आखूड, आणि टोकाला थोडी बधिरता कायमची. वाकवायची दांडी बसवली, मेलेल्या मांसात तीच बरी. सहा आठवडे संबंध नाही, मग हळूहळू. बीज तयार होतं ते ठिकाण वेगळं, त्याला धक्का लागला नव्हता. पुढं वैजयंतीला दिवस गेले.

संगमेशनं मला आण घातली होती. "मावशी, आईला निस्तं रगत काढलं म्हणून सांग. सळईचं कळलं तर गावात तोंड दावता यायचं न्हाय."

आईनं तिचा हिशोब लावला. पोरगं बाबाकडं गेलं, दोन दिवस दुखलं, मुळं धरली, सून गरोदर राहिली. ती नारळ घेऊन नवस फेडायला गेली. बाबा हुशार. त्यानं संगमेशला बाजूला घेऊन चार प्रश्न विचारले असतील, आणि उत्तरं देताना पोरगं कुठं अडखळतंय ते बघितलं असेल. ज्याला खरं सांगता येत नाही, तो बाबाला फुकटचा साक्षीदार.

तर तो साक्षीदार आता व्यासपीठावर होता, आणि बाबा वैजयंतीकडं बोट दाखवत होता.

"उभी ऱ्हा पोरी. लाजू नको. बघा, पोटुशी हाय. कुणाची कृपा?"

"बाबांची," लोक म्हणाले.

"आरं, मग लेकरू कुणाचं म्हनायचं?" पुरुषांच्या अंगानं आवाज आला. "संगमेशचं का बाबाचं?"

हशा पिकला. बाबानं तो थांबवला नाही. उलट एक हात वर करून आशीर्वाद देतात तसा धरला आणि डोळे मिटून मंद हसला. वैजयंती उभीच होती. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि फक्त संगमेशकडं बघितलं. तिनं तोंड उघडलं असतं तर त्याचं गुपित गेलं असतं. तो गप्प राहिला असता तर तिची अब्रू. पुढच्या खुर्चीत गावातला रामहरी येऊन बसला होता, रक्तदाबाच्या गोळ्या खाणारा, केळीचा व्यापारी. त्याच्या मांडीवर चादर पडली होती.

संगमेशनं मान वर केली. "माइक द्या."

"बोल बाळा," बाबा म्हणाला. "गुरूचा महिमा सांग."

"माझ्यात दांडी हाय," संगमेश म्हणाला. आवाज घोगरा होता. "ती सोलापुरात बसवली. टेबलावर, कापून, शिवून. डॉक्टरबाईंनी. बाबाकडं आलो तवा आतलं जे काय थोडं जित्तं होतं, ते बाबाच्या चादरीखाली मेलं. आन् लेकरू माझं हाय. पुन्हा कुणी इचारायचं न्हाय."

दगडाबाईच्या ओटीतला नारळ घरंगळत व्यासपीठाच्या पायरीला लागला.

मग बाबानं संगमेशच्या डोक्यावर हात ठेवला. "ऐकलं का? आन् त्या डागदरणीचा हात कुणी चालवला? आरं, गुरूनंच की. आपलं लेकरू अडाणी हाय, त्याला दिसलं न्हाय."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या कानांनी ऐकल्या. एका माणसानं गावासमोर स्वतःला उघडं केलं, आणि त्याचं खरंही बाबाच्या झोळीत जाऊन पडलं.

बाबानं हात पुन्हा चादरीखाली घातले. रामहरीनं डोळे मिटले.

वैजयंती केव्हा पुढं गेली ते मला कळलंच नाही. ती पायरी चढली, रामहरीच्या मांडीवरच्या चादरीचं टोक धरलं आणि दोन्ही हातांनी ओढली, वाळत घातलेलं कापड वाऱ्यानं जायच्या आत ओढून घ्यावं तशी.

चादरीखाली काय होतं ते पुढच्या दहा रांगांना नीट दिसलं. रामहरीचं सोडलेलं धोतर. बर्फाचा खडा. आणि बाबाच्या स्वच्छ नखांमध्ये, साखरेचे रुग्ण वापरतात तसली बारीक सुईची सिरिंज, निम्मी भरलेली, अजून न टोचलेली.

रामहरीनं आधी धोतर सावरलं, मग डोळे उघडले. "ही काय वो बाबा?"

"नागदंत हाय ह्यो. सिद्ध केलेला."

"त्याच्यावर आकडं कसं काय?"

मी उठून पुढं गेले. "महाराज, चांगली वस्तू असंल तर आधी तुम्ही घ्या."

"मी ब्रह्मचारी हाय, बाई."

"मंग तर तुमाला लईच लागंल," रामहरी म्हणाला. "घ्या की. मी चादर धरतो."

आता जे हसले ते बाबाला हसले. चार तरण्या गड्यांनी त्याचे हात धरले आणि कुणीतरी म्हणालं, टोचा त्यालाच. मघाशी टाळ्या वाजवणारेच होते ते. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं, टोचा. पण संगमेश मधे पडला. "न्हाय. मी भोगलंय. कुत्र्यालाबी नगं." त्यानं सिरिंज बाबाच्या हातून काढून, टोपण लावून थर्माकोलच्या खोक्यात टाकली आणि पोलिसपाटलाला खोक्यापाशी राखणीला बसवलं.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि माइकपाशी धरला. कुप्यांवरचं नाव वाचून दाखवलं.

"हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध आहे," त्यांचा आवाज शेडभर घुमला. "थंडाव्यात ठेवावं लागतं, म्हणून बर्फ. आधी बर्फ लावून जागा बधिर करतात, म्हणून सुई मुंगीसारखी वाटते. योग्य मापात, तपासणी करून, आम्हीही देतो. त्यानं नसा सुधारत नाहीत, दांडी बिंडी काही बसत नाही. काही तासांपुरतं असतं. माप चुकलं तर ताठरपणा उतरतच नाही आणि आतला भाग मरतो. तुम्ही ज्याला कृपा म्हणताय ते आत मांस मरत असतं. आज अजून कुणाला दिलंय? त्यांना आत्ताच्या आत्ता गाडीत घाला. इथं लाजायला वेळ नाही."

मी बाबाकडं वळले. "रामहरीच्या आधी आज किती जणांना टोचलं?"

"पाच," तो पुटपुटला. आता त्याची भाषाही साधी झाली होती. पूर्वी कुठल्याशा गुप्तरोगाच्या तंबूत तो सुया भरून द्यायचा, हे पुढं पोलिसांना त्यानं स्वतःच सांगितलं.

पुरुषांच्या बाजूला चादर गुंडाळलेली माणसं होती. एकही हलेना. बायका बघत होत्या, सुना बघत होत्या.

संगमेशनं माइक खाली ठेवला आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिला. "मी दोन दिस असाच बसलो हुतो," तो म्हणाला. "आई दिवा लावत हुती. मला वाटलं, उठलो तर लोक हसतील. आता बघा, सगळी हसून झाली. मी हाय की अजून. उठा."

एक उठला. कोपऱ्यातला एक म्हातारा उठला, त्याच्या सुनेनं त्याला हात दिला. मग आणखी दोघं. चौघांना ट्रॉलीत न घालता, धक्के बसू नयेत म्हणून, रामहरीच्या गाडीत बसवलं.

"पाचवा?" मी विचारलं.

बाबाची नजर उदयसिंहनानांकडं गेली. नाना खुर्चीत ताठ बसले होते. अंगावर झुळझुळीत शाल, मांडीवर दोन्ही हात आणि कपाळावर घाम.

"माझ्याकडं काय बघतोस रे भामट्या," ते म्हणाले. उठले, शाल पुढं ओढली आणि जीपकडं निघाले. पावलं जरा फाकवून टाकत होते.

संगमेश मागं धावला. "नाना, तुमाला हात जोडतो. गाडीत जागा हाय. कुणाला कळायचं न्हाय, मी मधी बसतो."

नानांनी जीपचं दार धरून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू सळईवाला," ते म्हणाले, "तू मला शिकवणार?" आणि दार लावून घेतलं.

ते चौघं त्याच दिवशी दवाखान्यात पोचले. सुईनं रक्त काढलं, औषध दिलं, संध्याकाळी चहा पिऊन परत आले. बाबावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. लोक जमायच्या आधीच बाबाकडून गुपचूप टोचून घेतलेले नाना तिसऱ्या दिवशी आले, तेही रात्री ताप चढून भ्रम झाला तेव्हा पोरांनी उचलून आणले म्हणून. आतलं सगळं मेलं होतं, जंतूही झाले होते. डॉक्टरबाईंना त्यांच्यात दांडी बसवता आली नाही. कुजलेला भाग काढावा लागला. जीव वाचला. हे सगळं गुप्त राहावं म्हणून नानांनी जे केलं, त्यामुळंच ते तालुक्याला कळलं.

दगडाबाई अजून मला विचारते, "दांडी बाबाची नव्हती, तर मग अंगारा कशाला दिला असंल त्यानं?" मी तिच्याशी भांडत नाही. तिच्या नातवाचे लंगोट शिवते.

पण तुम्हाला सांगते. हा भाग आजारी पडतो, जसा डोळा पडतो, गुडघा पडतो. त्यावर गोळ्या आहेत, औषधं आहेत, आणि काहीच चाललं नाही तर माप घेऊन, हात धुऊन, साखर तपासून केलेली शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरला विचारा, काय करणार, कसं करणार, काय बिघडू शकतं. जो सांगतो त्याच्याकडं जा. जो बिघडतच नाही म्हणतो, त्याच्याकडून उठा. चार तासांवर ताठरपणा टिकला तर अंगारा लावू नका, गाडी काढा. आणि जो आपले हात झाकून तुमच्या अंगाला हात लावतो, तो कुणीही असो, आधी त्याची चादर ओढा.